नळीतली शीळ

हे घडलेलं आहे. आणि ज्याच्या बाबतीत घडलं, तो धम्मपाल भूत मानत नाही.

त्याच्या घरात कुणीच मानत नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले ताईत-गंडे फडक्यात बांधून नदीत सोडले. ते शोधायला नंतर कुणी गेलं नाही. म्हणून धम्मपाल ही गोष्ट स्वतः सांगत नाही. सांगतो तो त्याच्या शेजारचा राकेश पंक्चरवाला. राकेशच्या तोंडून साधं पंक्चर निघालं तरी त्यात चार खिळे असतात. पण ही एक गोष्ट तो मीठमसाला न लावता सांगतो, खालच्या आवाजात. त्याला ओळखणाऱ्यांना एवढा पुरावा पुरतो.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

मागच्या वर्षीचा मार्च. गुरुवार. दुपारचे सव्वातीन.

पुणे-नाशिक हायवेवरून अवसरी खुर्दकडे वळताना डाव्या हाताला पत्र्याची दोन शेड आहेत. त्यातलं पहिलं धम्मपालचं.

धम्मपाल सायलेन्सरचं काम करतो. कॉलेजची पोरं बुलेटचा आवाज वाढवून घ्यायला येतात. महिन्याभरात त्यांचे बाप तोच आवाज कमी करून घ्यायला येतात. धम्मपाल दोघांचंही काम सारख्याच तोंडानं करतो. पण मनातून त्याला या बुलेटींचा वीट आला होता.

त्या गुरुवारच्या काही दिवस आधी पुण्याचे एक साहेब आले.

साहेबांकडे साठ सालच्या आसपासची अमेरिकन गाडी होती. शर्यतीची. तिकडे म्हणे पाव मैल सरळ रस्ता आखतात, दोन गाड्या सोडतात आणि सेकंदावर निकाल लावतात.

"म्हंजी आपला बैलगाड्याचा घाटच की राव," राकेश म्हणाला. "फकस्त भंडारा उधळत नसतील."

साहेबांनी डिकीतून एक पेटी काढली. पेटीत रजई, रजईत नळ्या. इंजिनातला जळका धूर ज्यांतून बाहेर पडतो त्या. आठ सिलिंडरच्या आठ नळ्या, चार-चारच्या दोन जुड्या. प्रत्येक जुडीतल्या नळ्या एकमेकींत वळसे घेत शेवटी एका तोंडात शिरतात. याला हेडर म्हणतात. बनवणारा कारखाना पन्नास वर्षांपूर्वीच बंद पडलेला. साहेबांना हा जोड मिळवायला अकरा वर्षं लागली होती, आणि येताना बोटीवर त्यातली एक नळी चेपली होती.

साहेबांनी धम्मपालचं काम बघितलं नाही. हात बघितले. उलटे, सुलटे.

"तेवढी एक नळी नवी करायची. जुन्यात ओळखू यायला नको," ते म्हणाले. "आणि एक ध्यानात ठेवा. पत्रा फार पातळ आहे. एकदा वेल्ड केली की पुन्हा कापायची नाही. दुसरं वेल्डिंग याला झेपणार नाही. जोडच जाईल."

धम्मपालनं मान हलवली. हे काम जमलं, तर साहेबांसारखे अजून दहा साहेब या शेडची वाट धरणार होते. बिघडलं, तर जन्मभर बुलेटी.

आता पातळ नळी वाकवायची, तर तिच्या पोटात वाळू ठासून भरावी लागते. नाहीतर वळणावर ती चेपते. वाळूही नदीचीच लागते, गोल दाण्याची. खडी फोडून केलेल्या वाळूला कोपरे असतात, ते आतून टोचतात. नदीतून वाळू काढायला तर बंदी. मंचरपर्यंत दोन चकरा मारून झाल्या. नाही मिळाली.

आणि मग त्याला ती शेडसमोरच दिसली. हायवेच्या कडेला.

मैद्यासारखी बारीक. कोरडी. जणू चाळून ठेवलेली.

ती कुठून आली, हे त्याला माहीत होतं.

चार दिवसांपूर्वी, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, तिथंच भागू धनगर गेला होता. कळप रस्ता ओलांडत होता आणि टँकर थांबला नाही. नऊ मेंढरं आणि भागू. पोलीस गेल्यावर कुणीतरी नदीची चोरटी वाळू नेणारा टिपर अडवला आणि डागांवर वाळूची घमेली ओतली, गाड्या घसरू नयेत म्हणून. चार दिवस चाकांनी ती दळली. वाऱ्यानं कडेला लोटली.

धम्मपाल घमेलं घेऊन बसला, तेव्हा राकेश चहाचा कप हातात धरून बघत होता.

"धम्मा, कुठली वाळू भरतोयस, बघ की जरा."

"धुवून भाजून घेतली की सगळी वाळू सारखीच."

"तुला कायच कसं वाटत न्हाई रं?"

"वाटतंय की. पण वाटण्यानं नळी वाकत न्हाई."

त्यानं वाळू तीनदा धुतली. पहिलं पाणी तांबूस निघालं. आपल्या भागातली माती तांबडी असतेच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

वाळू पत्र्यावर भाजली. मोजून साडेतीन डबे नळीत भरली. दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली, गॅसच्या टॉर्चनं नळी लाल केली आणि वाकवली. आयुष्यात इतकी सुरेख नळी त्याच्या हातून वाकली नव्हती.

मग बुचं काढून वाळू ओतली.

तीन डबे भरले.

त्यानं नळी आपटली. लाकडी हातोडीनं ठोकली. आतून तार फिरवली, बॅटरी मारून बघितलं. आत काहीच नव्हतं. आरशासारखी साफ.

मग अर्धा डबा वाळू गेली कुठं?

धम्मपाल मापाचा माणूस. त्याला रात्री जेवण गेलं नाही. पण सकाळी त्यानं नळी जोडात वेल्ड केली. सांधा असा बसला की त्यालाच तो शोधावा लागत होता.

मग तो गुरुवार आला.

आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट घालवतात. ग्राइंडर बंद, कॉम्प्रेसर बंद, राकेशचा रेडिओ बंद. तारेवर अडकलेली प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा हलत नव्हती. जोड टेबलावर ठेवला होता, तोंड रस्त्याकडे. धम्मपाल त्याला कापडानं पुसत होता.

आणि शीळ आली...

आधी लांब सूर. मग आखूड, वर चढत जाणारा. कुणी काही विचारावं तसा.

त्याला वाटलं, राकेश.

पण राकेश टायरवर डोकं टेकून घोरत होता.

पुन्हा शीळ आली. लांब... आखूड...

टेबलावरून येत होती.

धम्मपालनं त्या नळीच्या तोंडावर तळवा ठेवला. तळव्याला वारा लागला. आतून. कोमट.

त्यानं हात झटकन काढला. मान वर केली.

आणि त्याला मेंढरं दिसली.

हायवेच्या पलीकडे कांदा काढलेल्या रानात भागूचा कळप बसवला होता. तो सगळाच्या सगळा रस्त्यात उतरला होता. एक ट्रक हॉर्न दाबत वळला, दुसऱ्यानं करकचून ब्रेक मारला. मेंढरांनी माना हलवल्या नाहीत. सरळ चालत आली आणि शेडच्या दारात उभी राहिली. नळीकडे तोंड करून.

एकही ओरडत नव्हतं.

पन्नास-पंचावन्न मेंढरं, आणि आवाज शून्य. कधी मेंढरांजवळ राहिला असाल, तर हे केवढं भयंकर आहे ते कळेल.

कुत्रा पलीकडेच राहिला होता. मातीत तोंड घालून पडलेला.

मागून काठी टेकत, धापा टाकत एक बाई आली. भागूची बायको, ठकूबाई. ती मेंढरांना हाकलणार, तोच तिसऱ्यांदा शीळ आली. तिनं काठी खाली घेतली. नळीकडे बघितलं. शीळ थांबल्यावर कळप घेऊन गेली.

"वाऱ्यानं वाजतीया," धम्मपाल म्हणाला.

"व्हय," राकेश म्हणाला. तारेवरच्या पिशवीकडे बघत.

दुसऱ्या दिवशी धम्मपालनं नळीच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. घट्ट.

सव्वातीनला चिंध्या जमिनीवर होत्या... आणि शीळ वाजत होती.

मेंढरं आली. या वेळी कारच्या धक्क्यानं एका कोकराचा पाय मोडला.

शनिवारी ठकूबाई एकटीच आली. कपाळ मोकळं, डोळे कोरडे. दारातल्या डब्यावर बसली.

"दादा, ही आमच्या मालकांची शीळ हाय."

"मावशी, मी भूतबीत काय मानत न्हाई."

"नका मानू. मेंढरं मानत्यात."

राकेशला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"सांच्याला वाघर लावायची," ठकूबाई सांगू लागली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. "तिला एक फट ठेवायची. मालक फटीपाशी बसून शीळ घालायचे. एकेक मेंढरू आत जायचं, ते मोजायचे. मोज पुरी व्हईस्तवर शीळ थांबायची न्हाई. त्रेसष्ट व्हती आमची. नऊ त्या दिशी गेली. चोपन्न ऱ्हायली."

"मग?"

"मग काय? त्यांना कुठं ठावं नऊ गेली त्ये? त्ये बोलवत्यात, मोजत्यात, नऊ कमी भरत्यात. म्हून परत बोलवत्यात." ती थांबली. "रोज रस्ता वलांडून येणार मेंढरं. सगळी जात्याल एक दिस. त्यांच्या मागं पळताना मी बी. कापा ती नळी."

धम्मपालनं जोडाकडे बघितलं. लोखंड कापायची हॅक्सॉ भिंतीला अडकवली होती. चार मिनिटांचं काम.

"माझी न्हाई ती, मावशी. पुण्याच्या सायबांची हाय. कापली तर सगळा जोड गेला. पुढच्या शुक्रवारी नेणार हायेत. तवर कळप दुसरीकडं बसवा ना."

"नेला व्हता कालच, पार निरगुडसरच्या वाटंला. तीन वाजता माघारी फिरली."

शेवटी ठकूबाईनंच तोड काढली. आपल्या माणसाची हट्टी खोड तिच्याइतकी कोण जाणणार?

"डिंगोऱ्याला दीर हाय माझा, म्हस्कू. त्याच्याकडून नऊ मेंढरं आणते. मोज पुरी करून देऊ. मंग झोपतील."

धम्मपालला हायसं वाटलं. नळी कापावी लागणार नव्हती. हायसं का वाटलं, याचा त्यानं तेव्हा विचार केला नाही. पुढं मात्र पुष्कळ केला.

म्हस्कूनं मेंढरं द्यायला बुधवार उजाडवला. तोवर रोज सव्वातीनला धम्मपाल आणि राकेश लाल फडकी घेऊन हायवेवर उभे राहायचे. लोकांना वाटायचं रस्त्याचं काम आहे.

गुरुवार. पुन्हा लाइट नाही.

ठकूबाईनं शेडसमोर वाघर लावली. हातभर फट ठेवली. राकेश रस्त्यावर गाड्या अडवायला उभा राहिला.

सव्वातीन.

लांब... आखूड...

मेंढरं एकेक करून फटीतून आत जाऊ लागली. ठकूबाई प्रत्येकाच्या पाठीवर हात टेकून मोजत होती. धम्मपाल मनात मोजत होता.

एकसष्ट... बासष्ट...

त्रेसष्ट.

ठकूबाईनं डोळे मिटले. धम्मपालनं श्वास धरला.

कुठून तरी एक माशी आली आणि टेबलावर बसली.

मग शीळ आली.

आधीपेक्षा मोठी. चिडलेली.

वाघरीतली मेंढरं एका दमात उभी राहिली आणि रस्त्याच्या बाजूला रेलली. जाळीच्या खुंट्या वाकल्या. तिकडून एक कंटेनर येत होता. राकेश फडकं हलवत ओरडत होता. "आवरा रं! थांबत न्हाई ह्यो!"

"परत मोजा!" धम्मपाल ओरडला.

"बरुबर हायेत! त्रेसष्ट!"

पुन्हा शीळ. एक खुंटी उपटली.

धम्मपालच्या तोंडून ते कसं निघालं, त्यालाच ठाऊक नाही. काही सुचलं नाही की माणूस काहीही बोलतो, तसं. तो म्हणाला, "तुमाला धरून तर मोजत नव्हते?"

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे धम्मपाल अजून विसरलेला नाही. ती लाजली होती.

"थट्टा करायचे," ती म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं. पयली मला फटीतनं आत घ्यायचे. एक ठकू, म्हणायचे. मंग मेंढरं. चौसष्टावर थांबायचे. लोक हसायचे, भागूला मोजता येत न्हाई म्हून."

हॅक्सॉ भिंतीवर होती. धम्मपालला दिसत होती.

त्यानं ती घेतली नाही.

ठकूबाईनं पदर डोक्यावरून घेतला. वाकून फटीतून आत गेली.

शीळ अर्ध्यावरच तुटली.

कंटेनर हॉर्न देत निघून गेला. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही... आणि मग सगळी मेंढरं एकदम ओरडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पलीकडे कुत्रा उठून भुंकू लागला.

"दादा, काठी ऱ्हायली भाईर," ठकूबाई आतून म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

धम्मपालनं काठी उचलली आणि तिच्यामागून त्याच फटीतून आत जाऊन तिच्या हातात दिली.

शुक्रवारी साहेब आले. जोड दोन मिनिटं उलटसुलट करून बघितला. नवी नळी कुठली, ते त्यांना धम्मपालकडूनच विचारून घ्यावं लागलं. रजईत गुंडाळून जोड पुण्याला गेला. सव्वातीन वाजले. काही वाजलं नाही. राकेशनं त्या आनंदात दोघांना भजी आणली.

रविवारी सकाळी म्हस्कू आपली नऊ मेंढरं न्यायला डिंगोऱ्याहून आला.

पलीकडच्या रानात ठकूबाई वाघरीच्या फटीत बसली होती. काठी मांडीवर आडवी. डोळे उघडे.

रात्रीच कधीतरी गेली होती. दवाखान्यात सांगितलं, हृदयविकार. असेलही. नवरा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत बायको जाते, असं होतं कधी कधी.

पण फट रात्रभर उघडी होती, आणि एकही मेंढरू बाहेर गेलं नव्हतं. म्हस्कूनं मोजली. त्रेसष्ट.

धम्मपाल मातीला गेला. परत आल्यावर त्यानं हॅक्सॉ भिंतीवरून काढली आणि भंगारात टाकली. राकेशनं विचारलं, "चांगली व्हती की, का टाकली?" धम्मपालनं ग्राइंडर चालू केला. साहेबांचे मित्र आता येऊ लागले होते. एकानं जुन्या जीपचं काम दिलं, एकानं फोनवर नंबर लावला. पाहिजे होतं ते सगळं होत होतं. धम्मपाल जेवत नव्हता.

दोन आठवड्यांनी साहेबांचा फोन आला. गुरुवार होता, दुपारचे सव्वातीन. लाइट नव्हती, म्हणून रिंग ऐकू आली.

"धम्मपाल, एक नंबर काम! काल गाडी चालू केली. काय आवाज आहे हो! फक्त एक विचारायचं होतं..."

"बोला साहेब."

"इंजिन बंद असलं तरी तुमच्या त्या नळीतून शीळ येते. म्हणजे... दोन येतात. एक जाड आवाजाची. आणि तिच्यामागून एक बारीक, बाईमाणसासारखी. गॅरेज बंद आहे, वारं नाही. कुठं फट राहिली का बघायला पाहिजे. थांबा, नळीजवळ फोन धरतो. ऐका."

धम्मपाल नको म्हणणार होता.

पुढचं त्याला आठवत नाही.

त्याला आठवतं ते एवढंच. मानेला हिसका बसला, शर्टची कॉलर फाटली आणि समोरून, नाकापासून वीतभर अंतरावरून, एक बस गेली. तो हायवेच्या मधोमध उभा होता. तोंड पुण्याकडे. फोन कानाला तसाच. राकेशनं त्याला मागून धरलं होतं आणि राकेश रडत होता.

त्यानंतर धम्मपालनं नंबर बदलला. साहेबांना निरोप गेला की मिस्त्री आजारी आहे. साहेब स्वतः दोनदा येऊन गेले, तेव्हा शेडला कुलूप होतं. दर गुरुवारी तीन वाजता राकेश खुर्ची टाकून धम्मपालच्या दारात बसतो, पाय आडवे टाकून. गप्पा मारायला आलो, म्हणतो. गप्पा मारत नाही. गाडी अजून पुण्यात आहे. नळीही.

भूत नसतं, असं धम्मपाल अजूनही म्हणतो. फक्त आता ते कुणी विचारलेलं नसताना म्हणतो.

एक गोष्ट राकेशनं त्याला सांगितलेली नाही. मला सांगितली. धम्मपाल असलं काही वाचत नाही, म्हणून इथं लिहितो.

त्या दिवशी धम्मपाल फोन कानाला धरून रस्त्याकडे चालू लागला, तेव्हा राकेशनं मागून तीन हाका मारल्या. "धम्मा! कुठं चाललास?" पहिल्या दोन हाकांना तो थांबला नाही. तिसरीला त्यानं मान वळवली. राकेशकडे बघून हसला. हजेरीत आपला नंबर आला की शाळेतलं पोर उभं राहून बोलतं ना, तसा बोलला.

"पासष्ट."

अवसरीकडे जाणं झालं आणि त्याच्या शेडपाशी थांबलात, तर काय हवं ते बोला. हा आकडा तेवढा तोंडातून काढू नका.